पियानोची गवसणी

पियानोच्या मापाने शिवलेले आच्छादन वाद्याला चार गोष्टींपासून राखते: धूळ, ऊन, ओरखडे आणि वरून सांडणारे पाणी. पाचवी गोष्ट हवेतला ओलावा. तो कापडाला जुमानत नाही, आणि पियानोचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्याच हातून होते. आच्छादन विकणारा पहिल्या चार गोष्टी उत्साहाने सांगतो, पाचवीवर सहसा गप्प बसतो. मग घरात पियानो नखशिखांत झाकलेला असतो, घरच्यांना काळजी घेतल्याचे समाधान असते आणि आत तारा गंजत असतात.

तंबोऱ्याला किंवा सतारीला गवसणी लागते ती मुख्यतः प्रवासासाठी. मिरजेहून निघालेला तंबोरा गावोगावच्या मैफली करतो, एसटीत आणि रेल्वेच्या बाकावर धक्के खातो. जाड कापडाची गवसणी त्याचा भोपळा सांभाळते आणि गाणे सुरू झाले की कोपऱ्यात पडते. पियानोचे नेमके उलटे. साधा अपराइट म्हणजे उभा पियानो दोनशे ते तीनशे किलोंचा असतो, मैफलीचा मोठा ग्रँड पाचशे किलोंच्या घरात जातो. एकदा दिवाणखान्यात बसला की तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. हलवायचाच झाला तर त्याला गवसणी पुरत नाही, पेटी लागते. १८१७ साली लंडनच्या ब्रॉडवूड कंपनीने बेथोव्हनला पियानो भेट पाठवला तो पत्रा आणि लाकूड यांच्या पेटीत बंद करून. समुद्रमार्गे त्रिएस्त आणि तिथून खडतर गाडीरस्त्याने व्हिएन्ना असा त्याचा प्रवास झाला. घरातल्या पियानोला राखायचे असते ते घरापासूनच. खिडकीतून येणारे ऊन, पंख्याने फिरवलेली धूळ, मुलांच्या मोटारी, कुणीतरी सहज टेकवलेला चहाचा कप ही त्याची संकटे.

बाहेरून दिसते ते पॉलिश केलेले लाकूड. आत बिडाची जड चौकट असते आणि तिच्यावर सुमारे २३० पोलादी तारा ताणलेल्या असतात. त्या सगळ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांपर्यंत भरतो. तारांमागे स्प्रूस लाकडाची आठ-नऊ मिलिमीटर जाडीची फळी असते. हाच ध्वनिफलक; त्याला किंचित बाक दिलेला असतो, आणि पियानोचा आवाज म्हणजे मुळात या फळीचा आवाज. ८८ पट्ट्यांच्या मागे तेवढ्याच हातोड्या, प्रत्येकीच्या डोक्यावर दाबून बसवलेली लोकर, आणि जिथे जिथे लाकडावर लाकूड किंवा लाकडात पिन फिरते तिथे पुन्हा लोकरीचे अस्तर. सांधे सरसाने जोडलेले. लाकूड फुगते, लोकर फुगते, पोलाद गंजते, सरस सुटतो. ही चारही द्रव्ये ओलाव्याला आपापल्या परीने बळी पडतात, आणि आच्छादन मात्र बाहेरच्या पॉलिशवर घातलेले असते.

झाकण्याची चाल वाद्याइतकीच जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये चौकोनी पियानो घरोघर पोहोचू लागले तेव्हा त्यांच्याबरोबर चामड्याचे किंवा जाड हिरव्या लोकरी कापडाचे आच्छादनही दिले जाई. ते कामाचे कापड होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गीय घराच्या प्रतिष्ठेचा भार पियानोवर येऊन पडला आणि आच्छादनाची जागा शोभेने घेतली. झालरी लावलेली भरतकामाची रेशमी शाल ग्रँडच्या झाकणावरून एका बाजूला सोडायची, वर तसबिरी मांडायच्या, मध्ये फुलदाणी. या शालींना स्पॅनिश म्हणत, पण मुळात त्या चीनमधल्या कँटनच्या. मनिला बंदरातून जहाजाने मेक्सिको आणि स्पेनला गेल्या म्हणून त्यांना मनिलाचे नाव चिकटले. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी कँटनहून आणलेल्या त्याच भरतकामातून पारशी घरांतली गारा साडी आली. म्हणजे एकाच गावच्या सुईचे काम एका घरात अंगावर आणि दुसऱ्या घरात पियानोवर. शोभा म्हणून ही शाल उत्तम, राखण म्हणून निरुपयोगी. ती धूळ अडवत नाही, झालरीच्या गाठी पॉलिशवर घासतात, आणि तिच्यावर मांडलेली प्रत्येक वस्तू विशिष्ट स्वराला थरथरून वाजते. पियानोत बिघाड झाल्याची तक्रार ऐकून आलेला ट्यूनर आधी वरच्या तसबिरी उतरवून पाहतो, त्याचे कारण हेच.

याच काळातली एक दंतकथा अजून सांगितली जाते: व्हिक्टोरियन लोक इतके सोवळे होते की पियानोच्या पायांनाही ते विजारी घालत. या कथेचे मूळ कॅप्टन फ्रेडरिक मॅरिएट या इंग्रज लेखकाच्या अमेरिकेवरील प्रवासवर्णनात सापडते. ते १८३९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात एका मुलींच्या शाळेतल्या पियानोच्या पायांना झालरीच्या विजारी घातल्याचा किस्सा आहे. किस्सा अमेरिकनांची थट्टा करणारा होता. नंतरच्या पिढ्यांनी तो इंग्रजांवरच उलटवला. पाय झाकले जात असतील तर केरसुणीच्या आणि बुटांच्या ठोकरांपासून वाचवण्यासाठी, हे कारण साधे आहे म्हणूनच कदाचित कुणाला सांगावेसे वाटले नाही.

मापाचे आच्छादन आणि नुसती चादर यांत फरक पडतो तो कडांना. चादर घसरते. घसरताना तिच्याखाली साचलेली धूळ पॉलिशवरून ओढली जाते, आणि काळ्या चकचकीत पियानोवर उन्हात धरल्यावर दिसणारी बारीक वर्तुळे अशीच उमटतात. मापाचे आच्छादन जागेवर बसते. अपराइटचे माप सोपे आहे: उंची बहुधा ११० ते १३० सेंटिमीटर, रुंदी दीडशेच्या आसपास, खोली साठ. फसगत होते ती समोर पुढे आलेल्या पट्ट्यांच्या भागाशी. तिथे पायरी धरून कापड कापावे लागते, नाहीतर ते तंबूसारखे ताणून उभे राहते आणि त्या पोकळीवर कुणीतरी हात टेकतोच. ग्रँडचे माप अधिक नाजूक. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची, खर्जाच्या तारांची बाजू सरळ असते आणि उजवी बाजू वळण घेत शेपटाकडे जाते. म्हणून ग्रँडच्या आच्छादनाला उलट-सुलट असते आणि नुसत्या लांबी-रुंदीवरून ते शिवता येत नाही. झाकण मिटवून त्यावर वर्तमानपत्राचे कागद चिकटवायचे आणि कडेने आकार कापून घ्यायचा, ही शिंप्यांची पद्धत फीत लावण्यापेक्षा बिनचूक ठरते. चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर सैलपणा ठेवावा. कापड आधी भिजवून आटवून घ्यावे, कारण पहिल्या धुण्यात आटलेले आच्छादन पुन्हा पियानोवर चढत नाही.

जपानी घरांत या गोष्टीचा फार बारकाईने विचार झालेला दिसतो. यामाहाने १९०० साली पहिला अपराइट बनवला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत पियानो हे तिथल्या मध्यमवर्गीय घराचे नेहमीचे सामान झाले. खोल्या लहान, पावसाळा दमट. तिथे नुसत्या माथ्यावर घालायचे, अर्ध्यापर्यंत येणारे आणि जमिनीपर्यंत पोहोचणारे अशी वेगवेगळी आच्छादने रूढ झाली, आणि रोज वाजणाऱ्या पियानोला माथ्यावरचे किंवा अर्धे पुरते अशी व्यवहारी समजूतही. तिथले वापरलेले अपराइट आज मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत येतात. त्यांच्याबरोबर ही समजूतही आली असती तर बरे झाले असते; इकडे मात्र जमिनीपर्यंतचे रेक्झीनच मागितले जाते.

रेक्झीनची ओढ समजण्यासारखी आहे. ते पुसता येते, त्यावर पाणी ठरत नाही, आणि गळक्या छपराच्या घरात पावसाळ्यात तेच आधाराचे वाटते. पण ते श्वास घेत नाही. आतला ओलावा आतच राहतो. शिवाय मऊ प्लॅस्टिकमधली तेलकट द्रव्ये कालांतराने बाहेर झिरपतात आणि लाखेच्या जुन्या पॉलिशला चिकटून डाग पाडतात. उन्हाळ्यात तर कापड पॉलिशला धरून बसते. जुन्या पियानोंवरचे हे पॉलिश झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेल्या, बहुतांशी भारतातूनच युरोपला गेलेल्या लाखेचे असते. ते सुंदर दिसते, पण उष्णता, मद्य आणि प्लॅस्टिक यांपुढे टिकत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काळे पॉलिएस्टरचे पॉलिश बरेच कणखर असते, म्हणून नव्या पियानोवर चाललेली चूक जुन्यावर महागात पडते. लोकरीचे आच्छादन मऊ आणि जड, पडते छान. पण आपल्याकडे लोकर म्हणजे कसरीला आमंत्रण. मांजरपाट किंवा जाड खादी, आतून फलालीनचे अस्तर, हे कोकणपट्टीला सर्वांत मानवते. कापड बिनरंगी असावे. दमट हवेत गडद रंग उतरतो आणि फिकट लाकडावर कायमचा राहतो. गळतीची भीती असेल तर फक्त माथ्यापुरता पाणी न शोषणारा थर वरून शिवावा, बाजू सुती ठेवाव्यात. धातूची चेन आणि बटणे नकोत. नाड्या पुरतात.

आता पाचव्या गोष्टीकडे. पियानोला हवेत साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, आणि तीही शक्य तितकी स्थिर. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, रत्नागिरी, पणजीची हवा ८० टक्क्यांच्या वर राहते. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते, विदर्भातही उन्हाळा असाच कोरडा. पावसाळ्यात ध्वनिफलक फुगतो, त्याचा बाक वाढतो, तारा अधिक ताणल्या जातात आणि स्वर चढतो. सगळे स्वर सारखे चढत नाहीत, मधल्या सप्तकांतले अधिक चढतात, म्हणून न वाजवलेला पियानोही आपोआप बेसूर होतो. पट्ट्यांच्या छिद्रांतली लोकर फुगते आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. कोरड्या हवेत उलट घडते: फळी आक्रसते, स्वर उतरतो, तारांच्या खुंट्या सैल होतात आणि फार झाले तर फळीला चीर पडते. मुंबईत पंचवीस वर्षे नीट राहिलेला पियानो नागपूरला नेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात तडकू शकतो.

सुती आच्छादन या ऋतुचक्रापुढे काहीच करू शकत नाही. काही दिवसांत आतली हवा बाहेरच्या हवेसारखीच होते. पण दिवसभरातले झटके ते सौम्य करते, आणि शहरी घरात हा गुण मोलाचा आहे. वातानुकूलित खोली रात्रभर गार असते. सकाळी यंत्र बंद होते, खिडक्या उघडतात, पावसाळी हवा आत शिरते. बिडाची चौकट आणि तारा अजून थंड असतात, त्यांच्यावर दव धरते आणि गंजाची सुरुवात होते. झाकलेल्या पियानोपर्यंत ही हवा हळूहळू पोहोचते, तोवर धातू खोलीइतका उबदार झालेला असतो. आच्छादनाने ओलाव्याविरुद्ध मिळवलेला विजय एवढाच, पण खरा.

बाकीचे काम वेगळ्या उपायांनी करावे लागते. किनारपट्टीवरच्या जुन्या घरांत अपराइटच्या खालच्या कप्प्यात पंधरा-पंचवीस वॉटचा दिवा पावसाळाभर जळत ठेवत. त्याची ऊब आतली हवा कोरडी ठेवी. दिवा लाकूड-लोकरीपासून दूर आणि जाळीत हवा, वर जमिनीपर्यंतचे आच्छादन नको, ही पथ्ये पाळली नाहीत तर आगीचा धोका. एलईडी दिव्यांनी ही सोय संपवली; ते प्रकाश देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. त्यांच्या जागी पियानोसाठीच बनवलेली, आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद होणारी विजेची कांडी मिळते आणि ती आच्छादनापेक्षा पैशाचा अधिक चांगला वापर आहे. सिलिका जेलच्या पुड्या आच्छादनाखाली टाकण्याची पद्धत मात्र फसवी. त्या हवाबंद डब्यात काम करतात. कापडाखाली हवा सतत बदलते आणि पुड्या दोन दिवसांत भिजून स्वस्थ बसतात.

अपराइटच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. त्याचा ध्वनिफलक पाठीमागे, भिंतीच्या बाजूला असतो. आच्छादन पुढून आणि वरून झाकते, मागची बाजू उघडीच राहते, आणि कोकणातल्या जांभ्या दगडाच्या भिंती पावसाळ्यात पाझरतात. सर्वांत नाजूक अवयव सर्वांत ओल्या जागेकडे पाठ करून उभा. पियानो बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला, वीतभर अंतर सोडून ठेवणे हे कोणत्याही कापडापेक्षा परिणामकारक ठरते.

जमिनीपर्यंत लोंबणारे कापड आणखी कुणाला सोयीचे असते, हेही पाहावे लागते. अंधार, आडोसा आणि लोकर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की कसर हातोड्यांवर बसते, झुरळे खालच्या कप्प्यात शिरतात, आणि पेडलच्या फटीतून आत गेलेला उंदीर हातोड्यांची लोकर कुरतडून घर बांधतो. महिनोन्महिने न उघडलेल्या पियानोत हे सर्रास आढळते. इंग्रज कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी खास पियानो बनवत. त्यांत नुसत्या सरसावर भरवसा न ठेवता सांधे स्क्रूने आवळलेले असत, कडांना पितळी पट्ट्या असत. त्या पियानोंनीही उंदरांपुढे हात टेकले. आच्छादन जमिनीपासून हातभर वर संपावे, म्हणजे झाडताना खाली काय चालले आहे ते दिसते.

प्रकाशाचे गणित दुहेरी आहे. ऊन लाकडाचा रंग उडवते आणि पॉलिशला भेगा पाडते, म्हणून झाकणे योग्य. पण जुन्या पियानोच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर तो अंधारात पिवळा पडतो. उजेडात त्याचा शुभ्रपणा टिकतो. त्यामुळे पट्ट्यांवरचे झाकण कायम बंद ठेवणारा मालक नकळत त्या रंगवत असतो. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला, नव्या पियानोंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि त्यांना हे पथ्य लागत नाही. डिजिटल पियानोला तर धुळीपुरते ताणून बसणारे कापड बास. झाकण्याआधी तो बंद केलेला असावा, इतकेच.

वापराच्या रीतीत चुका थोड्या आणि नेहमीच्याच. धूळ आधी मऊ, कोरड्या कापडाने टिपायची आणि मग आच्छादन घालायचे; धुळीवर घातले तर तीच आतून घासते. काढताना ओढायचे नाही, वरून घडी घालत उचलायचे. धुतलेले कापड पूर्ण वाळल्याशिवाय चढवायचे नाही, आणि पावसाळ्यात वाळले असे वाटणारे कापड बहुधा वाळलेले नसते. आच्छादनावर फुलदाणी ठेवायची नाही. कापड पाणी शोषते आणि तासन्‌तास लाकडाशी धरून ठेवते, उघड्या पॉलिशवर सांडलेले निदान लगेच पुसता येते.

सगळ्यांत मोठा दोष मात्र आच्छादनाच्या यशातच आहे. जितके ते चांगले बसते, तितके ते काढायचे कष्ट वाढतात, आणि काढायचे कष्ट असलेला पियानो कमी वाजतो. न वाजणाऱ्या पियानोची अडकलेली पट्टी, चढलेला स्वर, शिरलेली कसर कुणाच्या ध्यानात येत नाही. रोज वाजणारा पियानो उघडा ठेवला तरी फारसे बिघडत नाही; त्याला माथ्यापुरते कापड पुरेसे आहे. पूर्ण आच्छादन परगावी जाताना, रंगकाम चालू असताना किंवा घर बंद राहणार असेल तेव्हा घालावे. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा तरी आच्छादन पूर्ण उतरवून, झाकण उघडून पहिल्या पट्टीपासून अठ्ठ्याऐंशीव्यापर्यंत प्रत्येक पट्टी एकदा दाबावी, आणि जी वर यायला उशीर करेल तिची नोंद ट्यूनरसाठी ठेवावी.